चौदा नंबरचा शर्ट आणि भाच्याचा प्रश्न : वॉलकॉटला आर्सेनलचा 'लेजंड' म्हणायचं का?

दादरचा गनर

परवा भाचा राहायला आला होता. वय अकरा, आर्सेनलवाला, म्हणजे लंडनच्या त्या फुटबॉल क्लबचा चाहता. (माझ्यामुळे. ताईने मला अजून माफ केलेलं नाही.) माळ्यावरून गादी काढताना एक जुनी बॅग खाली पडली आणि तिच्यातून माझा लाल शर्ट निघाला. पाठीवर १४, वर थिओ वॉलकॉटचं नाव, आर्सेनलचा जुना विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने पळणारा. फॅशन स्ट्रीटवर घासाघीस करून घेतलेला, त्यामुळे नावात एक 'एल' जास्त आहे. तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं, भाच्याला दोन सेकंदांत दिसलं.

म्हणाला, "मामा, १४ म्हणजे हेन्री ना? मग ऑबामेयांग, मग एन्केटिया, आता ग्योकेरेस. हा मधला कोण?"

मी तोंड उघडलं आणि काही सुचेना. 'लेजंड होता' म्हणवेना. 'ठीक होता' म्हणायलाही जीभ वळेना. शेवटी म्हणालो, "खूप जोरात पळायचा."

"बस?"

ते 'बस?' तीन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे विचारतोय. जुन्या लोकांनी बोला. वॉलकॉट गेल्यावर, म्हणजे २०१८ नंतर, आर्सेनल बघायला लागलेल्यांनी आधी वाचा.

माझं मत सरळ नाही, हे आधीच कबूल करतो. वॉलकॉट माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान. जानेवारी २००६ मध्ये तो साउदॅम्प्टनहून आला आणि त्याच उन्हाळ्यात, प्रीमियर लीगचा एक मिनिटही खेळलेला नसताना, इंग्लंडचा कोच एरिक्सनने त्याला वर्ल्ड कपला नेलं. सतरा वर्षांचा पोरगा जर्मनीला गेला आणि एकही मिनिट न खेळता परत आला. मी तेव्हा बारावीच्या क्लासला जात होतो. तोवर टीव्हीवर दिसणारे सगळे खेळाडू 'मोठी माणसं' होती. हा पहिला माझ्या वयाचा. त्याचं काय होतं, यात माझं काहीतरी गुंतलेलं होतं. काय, ते विचारू नका.

आणि मग ॲनफिल्ड, लिव्हरपूलचं मैदान. एप्रिल २००८, चॅम्पियन्स लीगची क्वार्टर फायनल, दुसरा लेग. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली, माझी एफवायची परीक्षा, बाबा आतल्या खोलीत झोपलेले, टीव्हीचा आवाज शून्य. लिव्हरपूल २-१ पुढे. वॉलकॉट बदली म्हणून आलेला. त्याला आपल्याच बॉक्सच्या बाहेर बॉल मिळाला आणि तो निघाला. एक गेला, दुसरा गेला, तिसरा आडवा आला तोही गेला. अख्खं मैदान कापून त्याने आडवा पास दिला आणि आपल्या ॲडेबायोरने नुसता आत ढकलला. ८४ वं मिनिट, २-२, अवे गोलवर (परक्या मैदानावर मारलेले गोल जास्त, म्हणून) आपण सेमी फायनलला! मी उशी तोंडात धरून ओरडलो.

दोनेक मिनिटांत पेनल्टी. जेरार्ड. मग बाबेल. ४-२. झोपलो नाही, आणि सकाळच्या पेपरबद्दल काही विचारू नका.

तर प्रश्न असा, की एवढं सगळं बघून मी त्या पोराला फक्त 'जोरात पळायचा' एवढंच का सांगू शकलो?

आकडेमोडे

कारण तुम्ही भावनेत अडकलात. आकडे बघा. ३९७ सामने, १०८ गोल.

आता जरा थांबा आणि ज्यांना आपण डोळे झाकून लेजंड म्हणतो त्यांचे बघा. पिरेस : ८४. ल्युंगबर्ग : ७२. बर्गकॅम्प : १२०. म्हणजे ज्याला सगळे 'वाया गेलेला' म्हणतात तो विंगर बर्गकॅम्पपेक्षा फक्त बारा गोल मागे आहे. बर्गकॅम्प गोल करण्यापेक्षा करवून द्यायचा, मान्य. पण पिरेसपेक्षा चोवीस गोल जास्त म्हणजे काही थोडे नाहीत.

२०१२-१३ आठवतंय? आपला स्ट्रायकर व्हॅन पर्सी मँचेस्टर युनायटेडला गेला त्यानंतरचा पहिला सीझन. सगळीकडे रडारड. क्लबचा टॉप स्कोअरर कोण? वॉलकॉट, सगळ्या स्पर्धा मिळून २१. त्यात डिसेंबरमध्ये न्यूकासलला ७-३ हाणलं त्यातली हॅटट्रिक. तेही कॉन्ट्रॅक्टवर सही झालेली नसताना, रोज पेपरात 'जाणार, जाणार' चालू असताना.

आणि २०१५ ची एफए कप फायनल, ॲस्टन व्हिला, ४-०. मॉनरियालचा क्रॉस, अलेक्सिसचं हेडर, वॉलकॉटची डाव्या पायाने व्हॉली. पहिला गोल त्याचा. सेंटर फॉरवर्ड म्हणून खेळला त्या दिवशी. वर्षानुवर्षं तो हेच मागत होता ना?

शाहू स्टेडियमची पायरी

आकडेमोडे, तुमचा हिशोब बरोबर हाय, पण शंभरावा गोल कुणावर मारला ते का लिहिलं न्हाई? सटन युनायटेड! पाचव्या डिव्हिजनची टीम, प्लास्टिकचं मैदान. त्या मॅचमधलं लोकांना एवढंच आठवतंय की सटनचा राखीव गोलकीपर बेंचवर बसून पाय खात होता. (पाय म्हंजे तंगडी न्हवं, तो त्यांचा खिम्याचा पदार्थ.)

मी कोल्हापूरचा. लहानपणापास्नं केएसए लीग, म्हंजे आमची कोल्हापूरची फुटबॉल लीग, बघतोय. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची मॅच असली की आख्खी पेठ दोन दिवस आधीपास्नं तापलेली असती. आमच्याकडं विंगवर पळणारा पोरगा असला की पब्लिक मैदान डोक्यावर घेतंय. पण तोच पोरगा तीनदा कोपऱ्यापर्यंत पळाला आणि तीनदा क्रॉस गोलमागं घातला, की चौथ्या वेळी पायरीवरनंच आवाज येतोय, "आरं, मान वर कर की!" वॉलकॉटला बारा वर्षं कुणी तेवढं सांगितलं न्हाई, किंवा सांगून उपयोग झाला न्हाई.

ख्रिस वॉडल, स्वतः इंग्लंडचा मोठा विंगर, २०१० ला सरळ म्हणाला होता की ह्या पोराला फुटबॉलचा मेंदू न्हाई. लोक चिडले. मला तवाबी वाटलं, बोलणं कडू हाय पण खोटं न्हाई. त्याच वर्षी इंग्लंडचा कोच कॅपेलोनं वर्ल्ड कपच्या टीममधनं काढलं. २००६ ला गरज नसताना नेलं, २०१० ला जायच्या वयात ठेवलं, २०१४ ला गुडघा. वाईट वाटतंय, पण वाईट वाटणं म्हंजे लेजंड न्हवं.

आणि क्रिस्टल पॅलेसची ती मॅच! एप्रिल २०१७, ३-० नं हारलो, हा कॅप्टन. मॅच संपल्यावर टीव्हीवर सांगतोय की त्यांना जिंकायची इच्छा आपल्यापेक्षा जास्त होती. कॅप्टन! आमच्या तालमीत कुणी असं बोललं असतं तर रात्री घरी जाताना गल्ली बदलावी लागली असती.

दादरचा गनर

पायरीवाले, पॅलेसची आठवण काढून तुम्ही मीठ चोळलंत. मी ती मॅच रात्री साडेबाराला जागून बघितली होती आणि सकाळी ऑफिसात प्रेझेंटेशन होतं.

पण एक सांगा. त्या वाक्यात खोटं काय होतं? बाकी दहा जण बसमध्ये जाऊन बसले, हा कॅमेऱ्यासमोर आला आणि जे सगळ्यांना दिसलं ते बोलला. चूक एवढीच की 'आपण' म्हणायच्या ठिकाणी तो पाहुण्यासारखा बोलला. अकरा वर्षं क्लबमध्ये काढून पाहुणा. मला राग आला नव्हता, कसंतरीच झालं होतं.

हॉलोवेची सूनबाई

मी इथे क्वचित लिहिते, पण हा विषय सोडवत नाही. २०१० पासून लंडनमध्ये आहे, आर्सेनलच्या एमिरेट्स स्टेडियमपासून चालत पंधरा मिनिटांवर. सासरचे सगळे आर्सेनलचे, म्हणून माझा नाइलाज.

टीव्हीवर एक गोष्ट कळत नाही ती सांगते. वॉलकॉटच्या पायात बॉल आला की एमिरेट्समध्ये एक आवाज यायचा. आधी साठ हजार लोक खुर्चीच्या कडेवर सरकायचे, सीट आपटण्याचा खडखडाट. आणि मग पहिला टच लांब गेला की तेच साठ हजार लोक एकदम श्वास सोडायचे. शिवी नाही, हुर्यो नाही. दूध उतू गेल्यावर आई करते तसा आवाज. दर शनिवारी, पाच-सहा वेळा. तो आवाज ऐकत माणूस बारा वर्षं खेळला.

२६ फेब्रुवारी २०१२, टॉटनहॅम, आपले शेजारी आणि कट्टर प्रतिस्पर्धी. मी होते तिथे. आपण ०-२ मागे, दुसरा गोल पेनल्टीवर आणि मारणारा कोण, तर ॲडेबायोर! तोच ॲनफिल्डवाला, आता त्यांच्याकडून. पहिल्या हाफमध्ये वॉलकॉटला काहीही जमत नव्हतं. माझ्या शेजारी सत्तरीचे एक आजोबा होते, थर्मासवाले. ते दर दोन मिनिटांनी 'काढा त्याला बाहेर' म्हणत होते, मला उद्देशून, जणू मीच आर्सेनलचा कोच वेंगर. हाफटाइमपर्यंत सान्याने आणि व्हॅन पर्सीने २-२ केलं, मग रोझिस्की. आणि मग ६५ व्या आणि ६८ व्या मिनिटाला वॉलकॉट. दोन्ही गोल मोकळ्या जागेत पळून, कीपरला समोर बघून, शांतपणे. ५-२. आजोबांनी मला मिठी मारली, चहा माझ्या कोटावर सांडला. आणि म्हणाले काय, तर "मी म्हणत नव्हतो?"

पायरीवाले मेंदूबद्दल बोलतात. विचार करायला वेळ मिळाला की तो गडबडायचा, हे खरं. वेळ नसला की त्याच्याइतका शांत कुणी नसायचा.

आणि २०१४ चा जानेवारी विसरू नका. एफए कप, पुन्हा टॉटनहॅम, आपण २-० पुढे. गुडघ्याचं लिगामेंट तुटलेलं, दहा महिने बाहेर बसणार, वर्ल्ड कप गेला. अर्थात ते तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. स्ट्रेचरवरून त्यांच्या लोकांसमोरून नेताना त्याने बोटांनी २-० दाखवलं. वरून नाणी पडत होती आणि हा हसत होता. 'पाहुणा' म्हणालात ना दादरवाले? पाहुणा असं करत नाही.

नॉर्थ लंडन लाल

नंतर आणलेल्या विंगर पेपेवर ७.२ कोटी पौंड घालवल्यावर मला वॉलकॉटची किंमत कळली. एवढंच.

शाहू स्टेडियमची पायरी

वहिनी, ते स्ट्रेचरवरचं मी विसरलो होतो. ते भारी होतं. तेवढ्यासाठी माझे दोन शब्द मागं घेतो, सगळे न्हाईत.

पण २०२३ चं काय? एप्रिल महिना, आपण टेबलात वर, मँचेस्टर सिटी मागनं येतीया, घरच्या मैदानावर साउदॅम्प्टन. तळाची टीम! पहिल्याच मिनिटाला गोल खाल्ला, आणि मग दुसरा कुणी घातला? थिओ वॉलकॉट, परत साउदॅम्प्टनकडं गेलेला. चौतीस वर्षांचा. आपल्या बॅकलाइनच्या मागं पळून, आपल्याच एमिरेट्सवर. शेवटी कसाबसा ३-३. टायटल हळूहळू हातातनं निसटत गेलं त्यात ह्यो बी एक धागा. मी त्या रात्री मोबाईल भिंतीवर मारता मारता थांबलो.

आकडेमोडे

तो गोल म्हणजे टिपिकल वॉलकॉट होता, ते मात्र मान्य करा. बारा वर्षं आपण ज्या गोलसाठी टाळ्या वाजवल्या, अगदी तस्साच. त्याच सीझननंतर ऑगस्टमध्ये रिटायर झाला.

आणि एक गोष्ट सगळे विसरताय. हा काळ कुठला होता? एमिरेट्स बांधलं, डोक्यावर कर्ज. दर उन्हाळ्यात कुणीतरी जायचं : हेन्री, मग फ्लामिनी, ॲडेबायोर, फाब्रेगास, नासरी, क्लिशी, व्हॅन पर्सी. राहिला कोण? त्याने पहिली लीग मॅच खेळली तीच एमिरेट्सवरची पहिली लीग मॅच होती, ऑगस्ट २००६, व्हिलाविरुद्ध १-१. बदली म्हणून आला आणि गिल्बर्टोच्या बरोबरीच्या गोलचा पास त्याचा. त्या स्टेडियमची पहिली अकरा-बारा वर्षं आणि त्याची कारकीर्द एकच आहे. लीग एकदाही नाही, चौथा नंबर, म्हणजे चॅम्पियन्स लीगचं तिकीट, हाच सण. तुम्हाला राग त्या काळाचा आहे, काढताय त्याच्यावर.

दादरचा गनर

आकडेमोडे, हे वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि दहा मिनिटं गॅलरीत उभा राहिलो. बायकोने विचारलं काय झालं, मी म्हणालो काही नाही, ऑफिसचं आहे.

काल संध्याकाळी भाच्याला बसवून ॲनफिल्डची ती धाव दाखवली. आधी काही सांगितलं नाही. त्याने नेहमीप्रमाणे एक डोळा गेमवर ठेवून बघायला सुरुवात केली. वॉलकॉट हाफवे लाइन ओलांडून गेला तेव्हा गेम खाली ठेवला. गोल झाल्यावर म्हणाला, "परत लाव." तीनदा लावलं.

मग विचारलं, "जिंकलो ना आपण?"

मी म्हणालो, नाही. ४-२.

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्याला रिकामा डबा गिफ्ट म्हणून दिलाय. "मग हे कशाला दाखवलंस?"

याचंही उत्तर मला आलं नाही. म्हणजे मूळ प्रश्न जिथे होता तिथेच आहे. पण रात्री झोपताना त्याने तो शर्ट घातला. गुडघ्यापर्यंत येतो त्याला. म्हणतोय, घरी नेणार. जास्तीच्या 'एल'सकट.

हॉलोवेची सूनबाई

नेऊ दे. पण ताईंना फोन करून सांगा आधी.

शाहू स्टेडियमची पायरी

आणि धुऊन द्या. माळ्यावरचा हाय.