'फक्त मैत्रिणी हव्यात' यातली मैत्रीण म्हणजे नक्की कोण?

पानगळ:
शब्दचर्चा विभागात टाकतोय कारण यातले शब्दच मला छळतायत. क्रॉसड्रेसिंग करणाऱ्यांच्या ऑनलाइन ग्रुपमध्ये लोक ओळख करून देताना काय लिहितात ते बघा. "फक्त मैत्रिणी हव्यात, पुरुषांनी मेसेज करू नये." "फक्त सीडी. ॲडमायरर दिसला की ब्लॉक." "खऱ्या मुली असाल तरच रिक्वेस्ट पाठवा." "ट्रान्स नको प्लीज."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सीडी म्हणजे क्रॉसड्रेसर, दुसऱ्या लिंगाचा वेष करणारी व्यक्ती. ट्रान्स म्हणजे जन्मावेळी ठरवलेल्या लिंगाहून जिची स्वतःची ओळख वेगळी आहे अशी व्यक्ती. ॲडमायरर म्हणजे जो स्वतः वेष बदलत नाही पण बदलणाऱ्यांकडे ओढला जातो तो, आणि हा शब्द जवळजवळ नेहमी पुरुषांसाठीच वापरतात. जीजी म्हणजे जन्माने बाई असलेली, बहुतेकदा कुणाची तरी बायको किंवा जुनी मैत्रीण.

आता पहिलं वाक्य घ्या. लिहिणारी व्यक्ती बऱ्याचदा दिवसभर पुरुष म्हणून कामाला जाते, घरी पुरुष म्हणून वावरते, आणि तासभर एकांत मिळाला की साडी किंवा ड्रेस घालून या ग्रुपमध्ये येते. ती म्हणते पुरुष नकोत. वाचणारा असतो तिच्यासारखाच कुणीतरी, पण आज घरात माणसं आहेत म्हणून शर्ट-पँटमध्ये बसलेला, प्रोफाइलला फोटो नाही, नाव पुरुषाचं. तो मैत्रीण आहे का पुरुष? कपडे घातले की मैत्रीण आणि उतरवले की बंदी असं असेल तर मैत्रीण हा शब्द माणसासाठी वापरलाय की कपड्यांसाठी? मी स्वतः असे मेसेज टाइप करून पुसलेत, कारण त्या दिवशी मी कुठल्या रकान्यात बसतो तेच कळेना. तुमच्या पाहण्यात हे शब्द कसे वापरले जातात ते लिहा.

उलटा खिसा:
माझं उलटं आहे. मी बाई आहे आणि मला पुरुषी वेष करायला आवडतो, नुसती जीन्स नाही हो, छाती बांधून घेते, मिशी लावते, चालणं बदलते, आणि त्या वेळी मला जे सुख मिळतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. मी क्रॉसड्रेसर म्हणून ओळख दिली की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे तुम्ही मुलगा आहात ना?" नाही म्हटलं की मग मी जीजी. मग जीजी म्हणून लाडाने वागवतात, मेकअप कसा करू, पदर कसा घेऊ, आणि मला यातलं काहीच विचारून घ्यायचं नसतं, मला कुणीतरी टाय बांधायला शिकवणारं हवं असतं.

एकदा सरळ सांगितलं तर उत्तर आलं, "त्यात काय, शर्ट तर सगळ्याच बायका घालतात." आणि दुसऱ्या ग्रुपवर खरी बाई आहेस हे पटवायला व्हॉइस नोट मागितली. क्रॉसड्रेसर या शब्दात कुठेही पुरुष लिहिलेला नाही. तो आपणच आत घुसवलाय.

जुनीवही:
उलटा खिसा, तुमच्या तक्रारीला बराच जुना इतिहास आहे आणि तो शब्दाच्या व्याख्येतच सापडतो म्हणून जरा लांब लिहितो.

'ट्रान्सव्हेस्टाइट' हा वेष बदलणाऱ्यांसाठीचा जुना शब्द रूढ केला जर्मन डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड यांनी, 1910 च्या पुस्तकात. त्यांचं म्हणणं होतं की वेष बदलण्याची ओढ ही समलैंगिकतेहून वेगळी गोष्ट आहे, आणि त्यांनी मांडलेल्या उदाहरणांत बहुतेक पुरुष असले तरी एक स्त्रीही होती. म्हणजे सुरुवातीला दार थोडं तरी उघडं होतं. पुढे ते बंद होत गेलं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची जी डीएसएम नावाची निदानसूची आहे तिच्या 1994 च्या आवृत्तीत वेष बदलण्याला विकार ठरवणाऱ्या निदानासाठी व्यक्ती भिन्नलिंगी पुरुष, म्हणजे बायकांकडे ओढला जाणारा पुरुष असावी अशी अटच होती. बाई वेष बदलत असेल किंवा समलैंगिक पुरुष बदलत असेल तर तो त्या व्याख्येत नाहीच. 2013 च्या पाचव्या आवृत्तीत ही अट काढली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत, आयसीडी-11 मध्ये तर नुसता वेष बदलणं हे निदानच उरलेलं नाही.

आता संघटनांचं बघा. अमेरिकन क्रॉसड्रेसर व्हर्जिनिया प्रिन्स यांनी 1960 मध्ये लॉस एंजेलिसमधून 'ट्रान्सव्हेस्टिया' मासिक सुरू केलं आणि त्याच्या वाचकांतून क्लब उभा राहिला. एकटे पडलेले, आपण जगात एकच असू असं समजणारे शेकडो लोक त्यामुळे एकमेकांना सापडले, हे काम फार मोठं आहे आणि मी ते कमी लेखत नाही. पण त्यांच्या संघटनेत प्रवेश कुणाला, तर भिन्नलिंगी पुरुष क्रॉसड्रेसरना. समलैंगिक नकोत, शस्त्रक्रियेने लिंग बदलू पाहणारे नकोत. कारण भीतीचं होतं, लोक आपल्याला 'तसले' समजतील. जगाकडून प्रतिष्ठा मिळवायची म्हणून आपल्याहून जास्त बदनाम असलेल्यांना बाहेर ठेवायचं. आणि याच प्रिन्स 1968 पासून पूर्णवेळ स्त्री म्हणून राहायला लागल्या, म्हणजे माणूस स्वतःच्या व्याख्येत कायम मावत नाही हे त्यांच्याच आयुष्यात दिसतं.

आज "ट्रान्स नको, गे नको" लिहिणाऱ्याला बहुतेक हे काहीच माहीत नसतं, पण वाक्य तेच चालत आलंय.

बंद खिडकी:
इतिहास पटला पण मी "पुरुषांनी मेसेज करू नये" लिहिणाऱ्यांपैकी आहे आणि ते मी का लिहिते तेही ऐका.

माझ्या घरी कुणाला माहीत नाही. प्रोफाइल उघडली की पहिल्याच दिवशी जे मेसेज येतात ते 'हाय' पासून सुरू होऊन चौथ्या ओळीला फोटो माग, पाचव्या ओळीला भेटायला ये, नाही म्हटलं की शिव्या. बायल्या हा शब्द मी बाहेरच्या जगात ऐकला नसेल इतका तिथे ऐकलाय, आणि तोही पाच मिनिटांपूर्वी 'किती सुंदर दिसतेस' म्हणणाऱ्याकडून. एकाने फोटोचे स्क्रीनशॉट काढून ते घरच्यांना पाठवीन म्हणून धमकावलं, कित्येक रात्री झोप नव्हती. हे सगळे पुरुष होते, म्हणजे निदान पुरुष म्हणून आलेले होते. मला एकेकाची परीक्षा घेत बसायला वेळही नाही आणि धीरही नाही. म्हणून एक ओळ लिहून टाकली. यात पूर्वग्रह असेलही, पण त्याच्या आधी भीती आहे आणि ती खरी आहे.

पानगळ:
बंद खिडकी, तुमच्या भीतीला पूर्वग्रह म्हणायची माझी छाती नाही. स्क्रीनशॉटची धमकी म्हणजे सरळ खंडणीचा प्रकार आहे, आणि ज्याचं घर, नोकरी, नातीगोती सगळं पणाला लागतं त्याने दार लावून घेतलं तर चूक काय.

पण दोन दारं वेगळी आहेत. तुमचा इनबॉक्स तुमचा, तिथे तुम्ही कुणालाही नको म्हणू शकता, कारण द्यायची गरज नाही. ग्रुपचा नियम मात्र सगळ्यांसाठी असतो, आणि तिथे 'पुरुष बंदी' लिहिलं की ज्याने आयुष्यात कुणाला त्रास दिला नाही असा नवखा, अजून एकदाही वेष न केलेला, नुसतं विचारायला आलेला माणूस पहिल्या पायरीवरून परत जातो. आणि त्रास देणारा? तो बाईच्या नावाने आयडी काढून आत येतो. त्याला एक मिनिट लागतं. म्हणजे नियम ज्याच्यासाठी केला तो सोडून बाकी सगळ्यांना लागतो.

जुनीवही:
याच्याशी जुळणारी एक गोष्ट सांगायची राहिली. प्रिन्स यांच्या त्या क्लबची पहिली बैठक झाली 1961 मध्ये, तेव्हा आलेल्या प्रत्येकाला स्टॉकिंग्ज आणि उंच टाचांच्या चपला बरोबर आणायला सांगितल्या होत्या, आणि सगळ्यांनी त्या एकाच वेळी पायात घालायच्या. कुणी पोलिसांचा माणूस असेल, कुणी भांडाफोड करायला आला असेल ही धास्ती होती, त्यामुळे सगळे एकाच वेळी सारखेच उघडे पडतील अशी सोय केली. पुढे त्या क्लबचे नियम संकुचित झाले ते वर लिहिलंच, पण ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. तू कोण आहेस याच्याऐवजी तू आमच्याइतकी जोखीम घेतोस का हे त्यांनी विचारलं. आजही फोटो मागणारा स्वतःचा फोटो देत नाही यावरूनच पुष्कळ कळतं की.

नदीकाठ:
मी ट्रान्स बाई आहे. सुरुवात याच ग्रुपमधून झाली, तेव्हा स्वतःला सीडीच म्हणायचे. मग हळूहळू लक्षात आलं की मला वेष उतरवायचाच नाहीये, आणि तसं सांगितल्यावर ज्यांच्याशी रोज रात्री बोलणं व्हायचं त्यांच्यातल्या काहींनी "आता तू आमच्यातली राहिली नाहीस" म्हणून बोलणं थांबवलं. बायकांच्या ग्रुपमध्ये गेले तर तिथे 'खरी' या शब्दापाशी अडले. खऱ्या मुलींसाठीच, असं लिहिलेलं.

'खरी' शब्दाचा वापर बघा तुम्ही. खरी मैत्रीण म्हणजे अडीअडचणीला धावून येणारी, हा आपला सगळ्यांचा साधा अर्थ. तोच शब्द इथे आला की एकदम शरीराचा दाखला मागतो. धावून येण्याचं काय झालं मग?

आणि 'पास'. "ती छान पास होते" असं म्हणतात, म्हणजे बघणाऱ्याला ओळखू येत नाही. त्यातून आपोआप नापासही तयार होतात. ज्याचे खांदे रुंद, दाढीची निळसर सावली लपत नाही, वय झालंय, आवाज जाड, त्याच्या फोटोखाली शांतता असते. ग्रुपमध्ये वर्षानुवर्षं असलेली पण एकही जवळचं माणूस न मिळालेली मंडळी मी पाहिली आहेत, आणि त्यांना कुणी बाहेर काढलं नव्हतं, नुसतं कुणी उत्तर दिलं नव्हतं. वाळीत टाकायला प्रत्येक वेळी नियम लागत नाही.

उलटा खिसा:
नदीकाठ, शेवटचं वाक्य वाचून थांबलेच. मला वेष करून फोटो टाकल्यावर तेच होतं.

एक व्याकरणाचा मुद्दा, इथे शब्दवाले लोक आहात म्हणून. मराठीत 'मी आलो' किंवा 'मी आले' यातलं एक निवडल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, आणि लोक तेवढ्यावरून पकडतात. "आत्ता आलो लिहिलंस, सकाळी आले होतीस, नक्की काय ते ठरव." काहीजण म्हणून अशी वाक्यं शोधतात ज्यात लिंग दिसतच नाही. 'मी येईन', 'मला आवडतं', 'मी वाचलं', 'मी लिहिलं'. माझा एक जुना ऑनलाइन दोस्त कित्येक महिने फक्त असंच लिहायचा आणि मला वाटायचं याची शैलीच तशी आहे. तो घाबरून तसं लिहायचा.

जुनीवही:
बरोबर निरीक्षण. भूतकाळातल्या बहुतेक सकर्मक वाक्यांत क्रियापद कर्माप्रमाणे चालतं म्हणून 'मी पुस्तक वाचलं' यात बोलणारा बाई का पुरुष ते कळत नाही. भविष्यकाळात 'येईन, जाईन' दोघांना सारखं. आणि समोरच्याशी बोलताना सगळ्यात सोपी वाट 'तुम्ही' आहे. 'तू आलास' की 'तू आलीस' हे विचारावं लागतं, 'तुम्ही आलात' ला काही विचारावं लागत नाही. अनोळखी माणसाला अहो-जाहो करणं हे आदराचं तर आहेच, पण या ग्रुपमध्ये त्याचा हा जास्तीचा उपयोग होतो. समोरची व्यक्ती आपणहून सांगेपर्यंत तुम्ही म्हणत राहावं, आणि तिने सांगितलं की ती सांगेल तसं.

बंद खिडकी:
हे मी आजपासून करीन. पण माझा प्रश्न राहिलाच, मग ओळखीत लिहायचं काय? काहीच न लिहिता दार सताड उघडं नाही ठेवणार मी.

पानगळ:
वागण्याची अट लिहा, लिंगाची सोडून. म्हणजे असं काहीतरी: "मित्रमंडळी हवीत. पहिल्या ओळखीत फोटो मागू नका. भेटायचा आग्रह नको. नाही म्हटलं की तिथेच थांबा. इथलं बोलणं, फोटो बाहेर जाणार नाहीत. हे पाळणारं कुणीही चालेल." तुम्हाला त्रास देणारे सगळे यातल्या एका ना एका ओळीत अडकतात की नाही बघा. आणि उलटा खिसा, नदीकाठ, तो फोटो नसलेला नवखा माणूस, यांच्यातलं कुणीच अडकत नाही.

नदीकाठ:
"हे पाळणारं कुणीही" हे नपुंसकलिंग मुद्दाम घातलंत ना? छान वाटलं वाचताना.

पानगळ:
हो, मुद्दाम.

उलटा खिसा:
'मित्रमंडळी' ला माझं मत. मित्र असूनही त्यात सगळे येतात, निदान बोलताना तरी आपण बायका-पुरुष सगळ्यांना धरूनच म्हणतो. नुसता 'दोस्त' पण चालेल मला.

बंद खिडकी:
ओळ बदलली. 'पुरुषांनी मेसेज करू नये' काढून वरचं टाकलंय, फक्त शेवटी "उत्तर द्यायला मला वेळ लागेल, घाई करू नका" एवढं जोडलं, तेवढी सवलत मला हवीये. पहिल्या मेसेजची वाट बघतेय. उलटा खिसा, टाय मला येतो बांधायला, दिवसा रोज बांधते. शिकवू का?