सर्व्हेत माझ्या शॉपचा स्कोअर सगळ्यात खाली, माणसं बोलतच नाहीत, काय करता येईल?

चाकण_मशीनशॉप:
नमस्कार मंडळी. चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत मशीन शॉप बघतो, तिन्ही शिफ्ट मिळून चाळीसेक माणसं, निम्मी पर्मनंट आणि बाकी ट्रेनी नि कंत्राटी. यंदा एचआरने एंगेजमेंट सर्व्हे (माणसांचं कामात किती मन आहे ते बघणारा) घेतला त्यात आमचं शॉप प्लँटमध्ये तळाला आलं. माणसं वाईट नाहीत, प्रॉडक्शन निघतं, पण पाट्या टाकल्यासारखं काम चाललंय. सकाळच्या मीटिंगला कोणी तोंड उघडत नाही, स्पिंडलचा (मशीनचा फिरणारा मुख्य दांडा) आवाज बदललाय हे ऑपरेटरला आधीपासून माहीत असतं पण मशीन बसल्यावर आपल्याला कळतं. एचआर म्हणतंय क्रिकेट मॅच ठेवा, वाढदिवसाला केक कापा. त्याला माझी ना नाही पण दुखणं वेगळं आहे असं वाटतं. पगार माझ्या हातात नाही, जे हातात आहे त्यात काय करू? ज्यांनी प्रत्यक्ष लाईन सांभाळलीय त्यांनी सांगा प्लीज.

टूलरूमवाले_काका:
तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, स्पिंडलचं. ऑपरेटर का सांगत नाही ते बघा. त्याने सांगितलं की पहिला प्रश्न काय येतो? "मशीनवर कोण होतं?" हा प्रश्न जिथे पहिला येतो तिथे कोणी काही सांगणार नाही, मग तुम्ही कितीही मॅच भरवा. त्याऐवजी "कधीपासून येतोय आवाज, चल ऐकू" म्हणून त्याच्याबरोबर मशीनपाशी जा, आणि चार लोकांसमोर सांगा की याने वेळेत सांगितलं म्हणून मशीन वाचलं.

दुसरं, माणसं आधी बोललेली असतात हो, उत्तर आलं नाही म्हणून गप्प झालेली असतात. फिक्श्चर (पार्ट पकडून ठेवणारा साचा) घासलंय, इन्सर्ट (कापायच्या टूलची बदलायची पाती) स्टोअरमध्ये नाहीत, कूलंटचा (मशीन थंड ठेवणारं पाणी-तेल) वास येतोय, हे सगळं कुणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं. लाईनवर एक साधा बोर्ड लावा, काय अडचण, कोण करणार, कधीपर्यंत. होणार नसेल तर "नाही" असंही लिहा आणि कारण लिहा. लोकांना नकार चालतो, गप्प बसणं चालत नाही. टोयोटाने कामगारांच्या सूचनांची पद्धत १९५१ मध्ये सुरू केली ती अजून चालू आहे, आपल्याकडे भेल या सरकारी कंपनीच्या हैदराबाद कारखान्यात १९८० मध्ये क्वालिटी सर्कल (कामगारांनीच एकत्र बसून अडचणी सोडवायचे गट) सुरू झाली, म्हणजे विचार नवा नाही. पण बहुतेक ठिकाणी सूचनापेटी लावतात आणि तिची चावी कुणाकडे आहे तेच कुणाला माहीत नसतं.

आणि थर्ड शिफ्टला जाता का कधी? ती माणसं साहेबाला फक्त रिजेक्शन झालं की बघतात.

सेकंडशिफ्ट_ऑपरेटर:
मी ऑपरेटर आहे म्हणून आमच्या बाजूने सांगतो, सगळ्यात जास्त डोकं कशाने फिरत असेल तर शिफ्ट सुटायला थोडा वेळ राहिला की सांगतात आज ओटीला (ओव्हरटाइमला) थांब, बस निघून जाते, घरी सांगितलेलं नसतं, ओटीचे पैसे डबल मिळतात ते ठीक पण तो कायदाच आहे उपकार नाही, आदल्या दिवशी विचारलं तर आम्ही हसत थांबतो. तसंच सुट्टीचं, भात लावणीला नाहीतर आषाढीला गावी जायचं हे आम्हाला महिनाभर आधी माहीत असतं, तेव्हाच अर्ज घ्या आणि हो का नाही ते लगेच सांगा, शेवटच्या दिवसापर्यंत लटकवून ठेवू नका.

अजून एक, कायझेन (कामातल्या छोट्या सुधारणेची आयडिया) आमचं असतं आणि प्रेझेंटेशनला फोटो इंजिनियरचा. मागच्या कंपनीत माझ्या मित्राबरोबर हेच झालं, नंतर त्याने एकही आयडिया दिली नाही. आणि कंत्राटी पोरांना नावाने हाक मारा, "ए ट्रेनी" नको.

एचआरमधली_ताई:
केकवाल्या डिपार्टमेंटमधून बोलतेय, पण ऑपरेटर दादांचं शंभर टक्के पटलं. गॅलप या सर्व्हे करणाऱ्या कंपनीचे जे १२ प्रश्न जगभर वापरतात त्यात पहिला काय आहे तर माझ्याकडून काय अपेक्षा आहे हे मला माहीत आहे का, आणि दुसरा, काम नीट करायला लागणारं सामान, साधनं माझ्याकडे आहेत का. म्हणजे तुमचे इन्सर्ट आणि फिक्श्चरच. चौथा प्रश्न गेल्या सात दिवसांत कौतुक झालं का असा आहे, वर्षातून एकदा बक्षीस समारंभात नव्हे. त्यांचंच म्हणणं आहे की वेगवेगळ्या टीमच्या स्कोअरमध्ये जो फरक पडतो त्यातला किमान ७० टक्के मॅनेजरमुळे असतो, त्यामुळे तुमच्या हातात बरंच आहे.

एक विनंती, सर्व्हेत कोणी काय लिहिलं ते शोधायच्या मागे लागू नका, अक्षरावरून सुद्धा नाही. निकाल मात्र टीमला उघड दाखवा आणि विचारा यातलं कुठलं एक आधी धरूया. एकच, दहा नको.

भोसरी_ते_रांजणगाव:
सगळं बरोबर पण पगाराचा विषय एवढ्या लवकर बाजूला टाकू नका. शेजारच्या मशीनवर तेच काम करणाऱ्याला दुप्पट मिळत असेल तर कंत्राटी मुलगा मन लावून काम का करेल? ते तुमच्या हातात नाही मान्य, पण "टिकून राहा, पर्मनंट करतो" हे गाजर तरी दाखवू नका. जागा निघणार नसेल तर स्पष्ट सांगा आणि त्याला मशीनचं सेटिंग शिकवा, प्रोग्रॅम वाचायला शिकवा, उद्या दुसरीकडे चार पैसे जास्त मिळतील. शिकवणाऱ्या साहेबासाठी पोरं जीव लावून काम करतात हे मी बघितलंय.

चाकण_मशीनशॉप:
सगळ्यांचे मनापासून आभार. बोर्ड सोमवारी लावतोय, ओटीचं आदल्या दिवशी विचारायचं हे आजच सुपरवायझरना सांगितलं. एकच शंका, बोर्डवरचे निम्मे पॉइंट मेंटेनन्सचे असणार आणि ते माझ्याखाली नाहीत. त्यांनी तारीख पाळली नाही तर?

टूलरूमवाले_काका:
मेंटेनन्सच्या माणसाला रोज दहा मिनिटं बोर्डासमोर उभं करा, तारीख त्यालाच त्याच्या हाताने लिहू द्या, तुम्ही टाकू नका. हुकली तर खोडू नका, बाजूला नवीन लिहायची आणि का हुकली ते ऑपरेटरसमोर सांगायचं. स्पेअर पार्ट येत नसेल तर परचेसकडे तुम्ही स्वतः जा, त्याला पाठवू नका.