मदत हवी आहे: आजीच्या आवाजाची कॅसेट उघडायची कशी?
१९८६ साली घरीच टेप केलेली सी-९० (९० मिनिटांची) कॅसेट आहे. आजी गोष्ट सांगतेय, मागे भिंतीवरचं घड्याळ टोले देतंय. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. फीत तुटलेली नाही, बुरशीही नाही. पण प्लेअरच्या हेडसमोर (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) फीत दाबून धरणारा कॅसेटमधला फेल्टचा छोटा तुकडा गळून पडलाय, त्यामुळे आवाज दबका येतो, मधेच जातो. हेड स्पिरिटने पुसलं, पेन्सिलीने फीत पूर्ण फिरवून पाहिली. बाकीच्या कॅसेट त्याच प्लेअरवर नीट वाजतात. अडचण अशी, की हिच्या कवचाला स्क्रू नाहीत, दोन्ही भाग चिकटवलेले आहेत. फीत स्क्रूवाल्या रिकाम्या कॅसेटमध्ये हलवून मग कॉम्प्युटरवर घ्यायची आहे. फितीला धक्का न लावता हे कवच नेमकं कुठून आणि कशाने उघडावं?