४८ के स्पेक्ट्रमची रॅम गेलीय का? बजेट १५०० रुपये, सल्ला हवा

शहापूरकर (धागाकर्ता):
मंडळी, काकांचा सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम ४८ के (ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक, ४८ किलोबाइट रॅमचा) माळ्यावरनं काढलाय. चालू केला की टीव्हीवर रंगीत उभ्या पट्ट्या येतात, कॉपीराइटची ओळ येतच नाही. सोल्डरिंग जमतं, मल्टीमीटर आहे. चिपांचा टेस्टर घ्यावा, बिघाड शोधणारं डायग्नोस्टिक कार्ट्रिज घ्यावं की सरळ चिपा बदलाव्या? १५०० च्या वर जमणार नाही.

खडेबाजार_रेडिओ:
ऑसिलोस्कोप घ्या, दादा, विजेचे सिग्नल पडद्यावर दाखवतो तो. आमच्या दुकानात आल्यापासनं अंदाजपंचे काम बंद झालं. वीस हजारात चांगला येतोय, एकदा घेतला की जन्मभर.

निपाणीकर:
रॅमच आहे, डोळे झाकून सांगतो. माझ्या कमोडोर ६४ या तसल्याच जुन्या संगणकात मायक्रॉन कंपनीच्या चिपा होत्या, त्याच गेल्या. हात लावून बघा, जी भाजते ती मेली.

टिळकवाडी_८०:
थंड चिपसुद्धा मेलेली असते की ओ. आणि कमोडोरमध्ये ४१६४ नंबरच्या रॅम चिपा असतात, नुसत्या ५ व्होल्टवर चालणाऱ्या. स्पेक्ट्रमच्या खालच्या, म्हणजे पहिल्या १६ के मध्ये ४११६ आहेत. त्यांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात, हिशेबच वेगळा.

खानापूर_जंगलकाठ:
आधी सगळे कपॅसिटर बदला. आमच्याकडं पावसाळ्यात काहीच टिकत नाही. पुण्याला पासोड्या विठोबाजवळ सगळं मिळतं.

निपाणीकर:
पुण्यापेक्षा बेंगळुरूचा एसपी रोड बरा. रात्रीच्या गाडीनं जायचं, दुसऱ्या रात्री परत.

मास्तर_चिकोडी:
शहापूरकर, काहीही विकत घ्यायच्या आधी मीटर हातात घे. आयसी ६ ते १३ या आठ ४११६ आहेत, एकेक चिप एकेक बिट सांभाळते. पडद्याचं चित्र याच रॅममधनं येतं, म्हणून पट्ट्या. काळी तार पिन १६ वर ठेव. पिन १ वर उणे ५, पिन ८ वर १२, पिन ९ वर ५ व्होल्ट मिळायला हवेत. उणे ५ गेलं आणि १२ चालू राहिलं तर ४११६ मरतात. आणि एखादी चिप आतनं शॉर्ट झाली तर हे १२ आणि उणे ५ तयार करणारा टीआर ४ ट्रान्झिस्टर जातो. दोन्ही बाजूंनी मार आहे.
अडॅप्टरही बघ. याचा मधला टोक ऋण असतो, बाजारातला साधा ९ व्होल्टचा लावू नको.
वरच्या ३२ के ची काळजी आत्ता नको. त्या चिपा म्हणजे अर्ध्या खराब निघालेल्या ६४ के चिपा, सिंक्लेअरनं स्वस्तात घेतलेल्या. त्या बिघडल्या तरी मशीन बहुतेक चालू होतं. तेव्हा 'प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३' ही बेसिकची आज्ञा टाकायची. ६५५३५ आलं तर सगळी रॅम ठीक, ३२७६७ आलं तर १६ केच दिसतेय.

खडेबाजार_रेडिओ:
हेच स्कोपवर एका नजरेत दिसलं असतं.

टिळकवाडी_८०:
मास्तरांशी सहमत. एक चांगली ४११६ संशयित चिपेच्या डोक्यावर, पायाला पाय जुळवून दाबून धरा. चित्र बदललं तर तीच. पण आतनं शॉर्ट असलेली चिप अशी सापडत नाही.

शहापूरकर:
मास्तर, बघितलं. पिन ९ वर ५ बरोबर. पिन ८ वर ५ च्याही खाली. पिन १ वर जवळजवळ शून्य.

मास्तर_चिकोडी:
मग टीआर ४ गेलाय. बंद मशीनवर पिन १ आणि ८ चा पिन १६ शी रोध मोज, शून्याजवळ असेल तर एक तरी चिप शॉर्ट आहे. टीआर ४ च्या जागी झेडटीएक्स ६५० ट्रान्झिस्टर बसव. चिपा मात्र एकेक करूनच काढ. या बोर्डाचे ट्रॅक नाजूक आहेत, उगाच सगळ्या उपटू नको.

निपाणीकर:
मी पहिल्यापासनं तेच म्हणतोय, रॅम.

खानापूर_जंगलकाठ:
कपॅसिटर राहिले बघा.

शहापूरकर:
सगळ्यांचे आभार. टेस्टर, कार्ट्रिज, स्कोप यातलं काही घेत नाही. मास्तरांचं ऐकून टीआर ४ बदलतोय, पण चिपा आठही काढणार. उणे ५ नसताना हे मशीन किती वेळ चालू होतं कुणास ठाऊक, त्यामुळं एकाही चिपेवर माझा भरवसा नाही. चिपेचे पाय आधी कापून घेणार, मग एकेक पाय ताप देऊन ओढणार, म्हणजे ट्रॅकला ओढ बसणार नाही. जागी १६ पायांचे सॉकेट. जुन्या ४११६ ची ऑर्डर आजच टाकली, बजेटमध्ये बसली.