मदत हवी आहे: स्विफ्टचा मागचा स्वे बार, उजवीकडचं भोक जुळून नाही राहिलं

नमस्कार मंडळी. नागपूरहून लिहितोय, मनीषनगर. काम अर्ध्यावर अडकलंय, गाडी पार्किंगमध्ये उभी आहे आणि पुढच्या रविवारी आईला छिंदवाड्याला मावशीकडे न्यायचंय. म्हणून थोडी घाई आहे.

गाडी 2014 ची स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल, 92,000 किमी झालेली. टायर 165/80 आर 14, मागच्या वर्षी नवे टाकले. शॉकअप मात्र कंपनीतून आले तेच आहेत. सौंसर सोडलं की पुढे सिल्लेवानी घाट लागतो. त्या वळणांवर मागे बसलेल्या आईला गाडी इतकी झुलवते की ती दाराच्या वरचं हँडल दोन्ही हातांनी धरून डोळे मिटून बसते. दिवाळीत दोनदा गाडी थांबवावी लागली. परतल्यावर ती म्हणाली, "मी पुढच्या वेळी एसटीनंच जाईन, तू नको त्रास घेऊ." ते मनाला फार लागलं. तेव्हाच स्वे बार मागवला, म्हणजे वळणावर गाडीचं झुकणं कमी करणारा दांडा.

या गाडीला मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणारा, पीळ घेणारा आडवा बीम. त्यामुळे माझ्या बारला लिंक, बुश असे जोडभाग काही नाहीत. 16 मिमीचा भरीव दांडा, दोन्ही टोकांना चपटी पट्टी. स्प्रिंगच्या खालच्या वाटीजवळ ट्रेलिंग आर्मला (बीमच्या टोकाचा, चाक धरणारा हात) वर-खाली प्लेट लावायची आणि पट्टी दोन-दोन बोल्टांनी धरायची. दिसायला सोपं काम.

मी गाडीचाच जॅक डावीकडे लावला, चाक काढलं, खाली विटांचा थर रचला. डावीकडचे दोन्ही बोल्ट छान बसले, पान्याने करकचून आवळले. मग उजवीकडे गेलो तर पट्टीचं भोक प्लेटच्या भोकापेक्षा बोटभर खाली! पहारीनं उचकून पाहिलं, भाच्याला बार वर दाबून धरायला लावलं, काही उपयोग नाही. दोन संध्याकाळी यातच गेल्या.

कोपऱ्यावरचा एक वेल्डिंगवाला म्हणतो, भोक लांबट करून देतो, नाहीतर पट्टी सरळ बीमलाच वेल्ड मारून देतो, अर्ध्या तासाचं काम. मन धजत नाही. बार वाकडा आला असेल का? परत पाठवू का? की माझंच काही चुकतंय? कोणी हे काम घरी केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

भाऊ, बार परतच कर आणि 19 मिमीचा घे. माझ्या मित्राने टाकलाय, गाडी रुळावरून चालल्यासारखी वळते. 16 नं काही फरक कळत नाही.

प्रतिसाद

बाळा, सर्वात आधी त्या विटा काढ. वीट भार घेते तोवर घेते आणि फुटते तेव्हा एका क्षणात फुटते, हात काढायला वेळ देत नाही. हिंगण्याला एमआयडीसीत मी 22 वर्षं वर्कशॉप चालवलं. विटांवरची गाडी उतरताना मी पाहिलेली आहे. तू भाच्याला खाली बसवलंस हे वाचून काळजात धस्स झालं. गाडीसोबत येणारा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. दोन चांगले लोखंडी स्टँड घे, ते आयुष्यभर कामाला येतील.

आता भोकाचं. बार वाकडा नाही. पट्टी खाली राहते असं तू लिहिलंस, त्यातच उत्तर आहे. तू एकच बाजू उचललीस. डावं चाक लोंबलं, उजवं जमिनीवर दबलेलं राहिलं, म्हणजे बीमला पीळ पडला. त्या पिळलेल्या अवस्थेत तू डावी बाजू आवळलीस, म्हणून बार डाव्या आर्मच्या कोनात गेला आणि त्याचं दुसरं टोक खाली उतरलं. त्याचं कामच हे आहे: दोन चाकं वर-खाली झाली की विरोध करायचा. तो तुला विरोध करतोय, म्हणजे बार चांगला आहे.

भोक लांबवून तसाच बसवला असतास तर सपाट रस्त्यावरही बारमध्ये पीळ राहिला असता. एका कोपऱ्यावर जास्त वजन, दुसऱ्यावर कमी, आणि डावीकडे वळताना गाडी एक वागते, उजवीकडे वळताना दुसरी. वेल्डिंगचं तर नावच काढू नको. बीम हा मुद्दाम पिळला जावा म्हणून घडवलेला असतो. वेल्डच्या कडेला तापलेलं लोखंड ठिसूळ होतं आणि पिळणाऱ्या भागाला तिथूनच तडा जातो. शिवाय बीमच्या पुढे पेट्रोलची टाकी आहे. त्या माणसाला नमस्कार करून परत पाठव.

असं कर. सपाट जागा बघ, उतार नको. पहिला गिअर टाक आणि पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून दगड लाव. हँडब्रेकवर विसंबू नको. तो मागच्या चाकांना लागतो आणि तीच चाकं तू उचलणार आहेस. डावीकडे-उजवीकडे थोडं थोडं उचलत दोन्ही स्टँड दाराखालच्या जॅकच्या खाचेजवळ, मजबूत पत्र्याखाली लाव. बीमच्या मधोमध जॅक लावायचा नाही, बीम वाकतो. दोन्ही चाकं सारखी लोंबली की डावीकडचे बोल्ट सैल कर आणि चारही बोल्ट हातानेच आटे धरतील इतके फिरव. सगळे बसले की मगच आलटून-पालटून आवळ.

करकचून आवळले असं लिहिलंस, म्हणून सांगतो, ते बोल्ट बदल. इतवारीत लोहाओळीला मिळतात. डोक्यावर 8.8 (मजबुतीचा आकडा) कोरलेलं बघून घे, सोबत जाड वायसर आणि नायलॉनच्या कड्याचे लॉकनट. टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरानंच आवळणारा पाना, कोणाकडून तरी माग. किटच्या कागदावर आकडा असेल तर तोच. नसेल तर 10 मिमीच्या 8.8 बोल्टला 45 ते 50 न्यूटन-मीटर पुरे. 100 किमी झाले की परत तपास, प्लेट बसताना बोल्ट हमखास सैल पडतात. बार बसवल्यावर ब्रेकचा रबरी पाइप, हँडब्रेकची केबल आणि सायलेन्सर यांना कुठे घासत नाही ना, ते टॉर्च मारून बघ.

वरच्या भाऊंचं म्हणणं मला पटत नाही. भरीव दांड्याचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. 16 चे 19 म्हणजे जवळजवळ दुप्पट. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या गाडीला मागे इतका कडकपणा दिला की वळणावर आतलं चाक उचलायला लागतं आणि पहिल्या पावसात मागची बाजू सुटते. त्या गाडीत आई बसणार आहे.

आणि खरं सांगू? आईला होतो त्या त्रासावर बार हे अर्धंच औषध आहे. बार गाडीचं झुकणं कमी करतो, डुलणं थांबवतो तो शॉकअप. 92,000 किमीला मूळ शॉकअप बहुतेक संपलेच असणार. डिकीचा कोपरा जोरात दाबून सोड. गाडी वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीनदा नाचली तर गेले. तेल पाझरलंय का तेही बघ. बारनं एका चाकाचा खड्डा दुसऱ्यालाही थोडा जाणवतो, म्हणजे आपल्याकडच्या सिमेंट रोडच्या कडेला, जिथे गट्टू खचलेत, तिथे मागे बसणाऱ्याला उलट जास्त धक्का बसेल.

विमा कंपनीलाही लेखी कळव. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये गाडीच्या मूळ तपशिलात परस्पर बदल करायला मनाई आहे. तुझा बदल त्यात बसतो की नाही हे आरटीओत आधीच विचारलेलं बरं.

धागाकर्ता

काका, तुमचे फार आभार. विटा त्याच रात्री काढल्या. स्टँड आणले आणि शनिवारी सकाळी ऊन चढायच्या आत कामाला लागलो. दोन्ही बाजू सारख्या उचलल्यावर चारही बोल्ट बोटानं फिरले. दोन संध्याकाळी झटलो ते काम 20 मिनिटांत झालं.

डिकी दाबली तर डावीकडे गाडी तीनदा नाचली, आणि शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओघळ आहे. मागची जोडी बदलायला टाकतोय, पुढचीही तपासून घेतो. छिंदवाडा आठवडाभर पुढे ढकललं. आईला कारण सांगितलं तर म्हणाली, "मग एसटीचं तिकीट काढू नको म्हणतोस?"

एक शंका राहिली. सायलेन्सरचा पाइप आणि बार यांच्यात एका जागी जेमतेम करंगळी जाते. चालेल का?

प्रतिसाद

गाडी लोंबत असताना मोजलंस की चाकांवर उभी असताना? चाकांवर उभी कर, मागे दोन माणसं बसव आणि परत बघ. तेव्हाही जेमतेमच करंगळी जात असेल तर सायलेन्सरचे रबरी हँगर तपास. जुने असतील तर ते ताणून पाइप खाली आलेला असतो. हँगर नवे टाकले की बहुतेक अंतर सुटेल. मोजून इथे लिही, मी बघतो.