मदत हवी आहे: मुलाचं साठवलेलं कॉर्ड ब्लड वापरायचंय

वारज्याची_आई: मुलाचं कॉर्ड ब्लड (जन्मावेळी नाळेतून घेतलेलं, स्टेम सेल असलेलं रक्त) खासगी बँकेत ठेवलंय, सगळे हप्ते भरलेत. आता त्याच्यासाठी वापरायचंय. पुण्यात कोण देतं? बँकवाले तीन आठवडे "कळवतो" म्हणताहेत. प्लीज लवकर सांगा.

कोथरूडकर: कशासाठी? वय काय?

वारज्याची_आई: सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालीत अडचण. साडेतीन वर्षांचा आहे. टाचा टेकतच नाहीत, बुटाचं पुढचं टोक महिनाभरात झिजतं.

लॅबवाला: ताई, अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात अशाच ६३ मुलांवर चाचणी झाली, स्वतःचंच कॉर्ड ब्लड देऊन. २०१७ मध्ये निकाल आला. एकूणात प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली डोसपेक्षा) फरक नाही. फक्त किलोमागे २ कोटी किंवा जास्त पेशी मिळालेल्यांची हालचाल जास्त सुधारली. तुमच्या पिशवीत पेशी किती? मुलाचं वजन?

वारज्याची_आई: वजन १३. पेशींचं कुणी सांगितलंच नाही.

डेक्कनची_मावशी: माझ्या भाचीच्या मुलाला स्टेम सेलची इंजेक्शनं दिली, सहा महिन्यांत बसायला लागला. थांबू नका!

कोथरूडकर: मावशी, कसल्या पेशी? कॉर्ड ब्लडच्या की हाडातल्या मज्जेच्या?

डेक्कनची_मावशी: ते नाही विचारलं. पोर बसतंय ना!

कोथरूडकर: फिजिओही चालू असेल की. आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) नियमांप्रमाणे सेरेब्रल पाल्सीला हे फक्त नोंदणी झालेल्या चाचणीतच देता येतं, आणि त्याचे पैसे घेता येत नाहीत. कुणी पॅकेज सांगितलं तर तिथून उठा. सीटीआरआयच्या (चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीच्या) साइटवर चाचणीचं नाव शोधा.

नवा_बाबा: थॅलेसेमियाला (रक्ताच्या आनुवंशिक आजाराला) स्वतःचं चालत नाही हं, दुसऱ्याचं जुळणारं लागतं, शक्यतो भावंडाचं. दोष त्याच पेशींत असतो.

वारज्याची_आई: आमच्याकडे थॅलेसेमिया नाहीये.

फिजिओ_पौडरोड: पोटऱ्या आखडल्यात का? एएफओ (घोट्याला आधार देणारे स्प्लिंट) घालतो? स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्स इंजेक्शनबद्दल विचारलंत?

वारज्याची_आई: एएफओ आहेत, रात्री ओढून काढतो. फिजिओ दोन महिने बंद आहे, यासाठी पैसे साठवतोय.

फिजिओ_पौडरोड: ताई, ते आधी सुरू करा, पोटरी आखडायची थांबत नाही. निरामय विम्यात वर्षाला १ लाखापर्यंत मिळतात, थेरपीही बसते. अपंगत्वाचा दाखला आहे ना?

वारज्याची_आई: आहे. निरामयचं आजवर कुणीच बोललं नव्हतं. बँकेला पेशींच्या आकड्यासाठी मेल टाकलाय. फिजिओची सोमवारी साडेदहाची वेळ मिळाली.