विमानाच्या स्पिनमधून बाहेर पडताना हात स्टिक (नियंत्रणदांडी) मागेच ओढतो. ही सवय कशी मोडावी?

नवे_पंख

नमस्कार. माझ्या नोंदवहीत सुमारे 90 तासांचे उड्डाण आहे आणि खासगी वैमानिकाचा परवाना मिळून काही महिने झाले आहेत. परवान्यासाठी स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल कोसळण्याचा, सराव भरपूर झाला होता, पण स्पिन, म्हणजे स्टॉल झालेले विमान गरगर फिरत खाली जाणे, मी फक्त पुस्तकात वाचला होता. नुकतेच मी डेकॅथलॉन विमानावर हवाई कसरतींचे प्रशिक्षण सुरू केले. पहिला स्पिन प्रशिक्षकांनी दाखवला आणि दुसरा मला करायला सांगितला. 6,000 फुटांवर थ्रॉटल (इंजिनची शक्ती) मागे घेतला, नाक वर धरले आणि स्टॉलच्या तोंडाशी येताच डावा रडर (शेपटीचे सुकाणू, जे पायाच्या पेडलने फिरते) तळापर्यंत दाबला. विमान क्षणभर अडखळले, डावा पंख खाली गेला आणि समोरच्या काचेत क्षितिजाच्या जागी गरगर फिरणारी जमीन आली.

मागच्या आसनावरून "आता बाहेर काढा" असे ऐकू आले, तेव्हा मी स्टिक पोटाशी ओढून उजवीकडे दाबून धरलेली होती. उजवा रडर दिला आहे असे मला अगदी मनापासून वाटत होते; प्रत्यक्षात मात्र माझे दोन्ही पाय दोन्ही पेडल सारख्याच जोराने दाबत होते. शेवटी प्रशिक्षकांनीच विमान सावरले.

माझे दोन प्रश्न आहेत. क्रम तोंडपाठ असूनही हात ऐकत नाही, यावर उपाय काय? आणि उतरण्याच्या सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या फेरीत), जेमतेम 1,000 फुटांवर स्पिन झाला तर सावरायला उंचीच उरणार नाही, मग हे शिकून नेमके काय साधते?

जुना_प्रशिक्षक

आपल्या हाताला दोष देऊ नका. नाक खाली गेले की स्टिक ओढायची, पंख खाली गेला की विरुद्ध बाजूला वळवायची, हे त्याने 90 तास केले आहे आणि प्रत्येक वेळी त्याचे बरोबरच ठरले आहे. स्पिनमध्ये मात्र दोन्ही पंख स्टॉल झालेले असतात, आतल्या बाजूचा पंख बाहेरच्यापेक्षा अधिक खोलवर, आणि या फरकामुळेच विमान फिरत राहते. स्टिक ओढून धरली की पंखाचा वाऱ्याशी होणारा कोन मोठाच राहतो आणि स्टॉल मोडत नाही. डाव्या स्पिनमध्ये स्टिक उजवीकडे नेली की डाव्या पंखाचा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) खाली झुकतो, आधीच कोलमडलेल्या त्या पंखाचा अवरोध आणखी वाढतो आणि फिरण्याला जोरच मिळतो. म्हणजे आपण केलेल्या दोन्ही गोष्टी स्पिनला खतपाणी घालणाऱ्या होत्या.

यात आपण एकटे नाही. ऑगस्ट 1912 मध्ये इंग्लंडच्या सॉल्सबरी पठारावर लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क यांचे अ‍ॅव्रो विमान स्पिनमध्ये गेले, तेव्हा त्यांनीही आधी एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारे नियंत्रण) मागे ओढून धरला होता आणि रडर फिरण्याच्याच दिशेला दिला होता. जमीन अगदी जवळ आल्यावर त्यांनी रडर उलटा दिला, आणि ते वाचले.

क्रम आपल्याला ठाऊक आहेच: थ्रॉटल पूर्ण मागे, एलेरॉन मध्यावर, फिरण्याच्या विरुद्ध पूर्ण रडर आणि मग स्टिक पुढे. फिरणे थांबताक्षणी रडर मध्यावर आणायचा आणि सुरकांडीतून हळुवार वर यायचे. घाईघाईने ओढलेत तर पुन्हा स्टॉल होईल, किंवा वेग वाढलेला असल्यास विमानावर नको तितका भार येईल.

आता हाताचे पाहू. मी विद्यार्थ्यांना हा क्रम मोठ्याने बोलायला लावतो, मनातल्या मनात नव्हे. तोंड चालू राहिले की हात त्याच्यामागे येतो. डाव्या स्पिनमधून निघताना डावा पाय पेडलवरून चक्क उचलून घ्या. दोन्ही पायांनी दाबण्याची आपली अडचण फार जणांची असते, आणि पायच पेडलवर नसेल तर तो दाबणार कसा? त्याखेरीज विमान जमिनीवर उभे असताना आसनावर बसून, डोळे मिटून हाच क्रम वीस-पंचवीस वेळा करा. बघणारे हसतील, हसू द्या.

उलटे_क्षितिज

मला हात पूर्ण सोडून देण्याची पद्धत फार सोपी वाटली. थ्रॉटल मागे, स्टिक सोडायची आणि फक्त विरुद्ध रडर द्यायचा. आमच्या पिट्स या कसरतींच्या विमानात फिरणे आपोआप थांबते. हातच चुकत असेल तर हाताला कामच देऊ नये!

डावा_रडर

वरील पद्धत बेग्ज-म्यूलर या नावाने ओळखली जाते आणि कित्येक कसरतींच्या विमानांत ती उत्तम चालते, पण ती सर्व विमानांना लागू पडत नाही. ज्या विमानात बसणार आहात त्याच्या पुस्तिकेत जी पद्धत दिली आहे तीच आधी अंगवळणी पाडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. गुरुत्वमध्य मागे सरकलेला असेल तर तेच विमान निराळे वागते, हेही विसरू नये.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल आपली शंका रास्त आहे. सेसना 152 सारख्या साध्या विमानाच्या पुस्तिकेतही एका फेऱ्याच्या स्पिनसाठी आणि त्यातून सावरण्यासाठी किमान 1,000 फूट उंची हिशेबात धरायला सांगितले आहे, त्यामुळे सर्किटमध्ये स्पिन पूर्ण लागला तर सावरण्याची आशा जवळपास नसते. अमेरिकेत 1949 मध्ये खासगी परवान्याच्या परीक्षेतून स्पिन वगळला गेला आणि भर स्टॉल ओळखून टाळण्यावर आला, तो याच विचाराने. तरीही मी हे प्रशिक्षण घेतले आणि त्याचा उपयोग मला स्पिनमध्ये नव्हे, त्याच्या आधीच्या दोन सेकंदांत झाला.

शेवटच्या वळणावर वारा पाठीमागून ढकलत होता आणि मी धावपट्टीची रेषा ओलांडून पुढे जात होतो. पंख फार झुकवायला मन धजत नव्हते, म्हणून आतल्या बाजूचा रडर जरा जास्त दिला गेला, त्यामुळे वाढलेला कल रोखायला स्टिक नकळत विरुद्ध बाजूला गेली आणि नाक खाली जाऊ लागताच मी ती ओढू लागलो. त्याच वेळी शरीर आसनात एका बाजूला सरकल्याचे जाणवले. हीच सरक मी 5,000 फुटांवर मुद्दाम घडवलेल्या प्रत्येक स्पिनच्या आधी अनुभवली होती. दाब सोडला, पंख सरळ केले, थ्रॉटल पूर्ण दिला आणि पुन्हा फेरी मारली. पुस्तक वाचून ही सरक मला ओळखता आली असती, असे वाटत नाही.

एक सूचना: सराव करताना वेगमापकाकडे अवश्य पाहा. स्पिनमध्ये वेग कमी आणि जवळपास स्थिर असतो. वेग वाढत असेल तर ती सर्पिल सुरकांडी (स्टॉल नसताना गिरक्या घेत खाली जाणे) आहे, आणि तिच्यातून निघण्याची रीत वेगळी आहे. दिशेबद्दल गोंधळ झाला तर वळणदर्शक काट्यावर विश्वास ठेवा, त्याच उपकरणातल्या नळीत सरकणाऱ्या गोळीवर नाही.

नवे_पंख

सर्वांचे आभार. काल पुन्हा उड्डाण झाले. क्रम मोठ्याने म्हटला, डावा पाय उचलून घेतला आणि तीन फेऱ्यांनंतर रडर दिल्यावर साधारण अर्ध्या फेऱ्यात विमान थांबले. त्या आनंदात रडर मध्यावर आणायला मात्र उशीर झाला आणि नाक उजवीकडे झुकू लागले, तेव्हा मागून शांत आवाजात "पाय" एवढेच ऐकू आले. चौथ्या स्पिननंतर पोट ढवळून निघाल्यामुळे आम्ही परतलो. पुढच्या धड्यात उजवीकडचा स्पिन आहे, तेव्हा आता उजवा पाय उचलण्याची तालीम खुर्चीवर बसून चालू आहे.